सोलापूरचा डॉक्टर, पानिपतचा लेखक

मराठीच्या तासाला ‘पानिपत’ हा शब्द आला की मुलांना १७६१ सांगावं लागतं. १४ जानेवारी, सदाशिवरावभाऊ, विश्वासराव, अब्दाली. मग ‘पानिपत होणे’ हा वाक्प्रचार वहीत उतरवून घ्यायचा आणि वाक्यात उपयोग करायला सांगायचा. त्याच मुलांना उर्दूच्या तासाला पानिपत पुन्हा भेटतं, पण तिथं ते मौलाना अल्ताफ हुसैन ‘हाली’ यांचं गाव असतं. गालिबचे शागिर्द, ‘मुसद्दस’चे कवी, उर्दू समीक्षेचा पाया घालणारे हाली. एका वर्गात पानिपत म्हणजे पराभव आणि दुसऱ्या वर्गात कविता. मी दोन्ही विषय शिकवते, त्यामुळे हे दोन्ही पानिपत माझ्या पिशवीत असतात.

या दोन गावांना जोडणारा एक धागा मला एका जुन्या युद्धपटात सापडला. व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’, साल १९४६. नायक सोलापूरचा मराठी डॉक्टर, दिग्दर्शक कोल्हापूरचा मराठी माणूस, आणि ज्या पुस्तकावरून चित्रपट निघाला त्याचे लेखक ख्वाजा अहमद अब्बास, पानिपतचे, हालींचे पणतू. हाली १९१४च्या डिसेंबरात गेले, अब्बास त्याच वर्षी जूनमध्ये जन्मले. पटकथेवर अब्बास यांच्याबरोबर दुसरं नाव आहे व्ही. पी. साठे यांचं. एक ख्वाजा आणि एक साठे.

या चित्रपटाकडे मी वळले त्याला कारण घडलं २०२५ मध्ये. फेब्रुवारीच्या १४ तारखेला ‘छावा’ प्रदर्शित झाला. ज्या शहराला आता छत्रपती संभाजी महाराजांचं नाव आहे, त्या शहरात तो गाजणार हे उघडच होतं. आमच्या उस्मानपुऱ्यातून खुलताबाद जेमतेम पंचवीस-तीस किलोमीटर. पुढच्या काही आठवड्यांत तिथल्या कबरीवरून राज्यभर आवाज उठला, तिथं बंदोबस्त वाढला आणि १७ मार्चला नागपुरात हिंसा झाली. रमजानचे दिवस होते. नववीच्या वर्गात मी व्याकरण शिकवत होते आणि मागच्या बाकावरच्या एका मुलानं मध्येच विचारलं, “टीचर, उस पिच्चर में अपन कौन हैं?”

वर्ग हसला नाही. एरवी अशा प्रश्नावर हसला असता.

मी त्याला म्हटलं, आपण प्रेक्षक आहोत. हे उत्तर चुकीचं नव्हतं, पण त्याचं समाधान झालं नाही हे चेहऱ्यावर दिसत होतं. त्या मुलानं इतिहासावर शंका घेतली नव्हती. संभाजी महाराजांना १६८९ मध्ये किती क्रूरपणे मारलं गेलं हे त्यालाही माहीत होतं. तो विचारत होता, थिएटरबाहेर आल्यावर लोक माझ्याकडे कोण म्हणून बघतील? त्याला उत्तर द्यायचं तर युद्धपट म्हणजे काय, तो कसा बनतो, हे आधी त्याला कळायला हवं होतं. ताजा चित्रपट घेतला असता तर वर्ग पेटला असता. म्हणून मी ऐंशी वर्षांपूर्वीचा घेतला, ज्यात शत्रू कोणीतरी तिसराच आहे.

मुलांना आधी खरी गोष्ट सांगितली. द्वारकानाथ कोटणीस, जन्म १९१०, सोलापूर. मुंबईच्या जी. एस. मेडिकल कॉलेजात शिकले. १९३७ मध्ये जपाननं चीनवर मोठं आक्रमण केलं. चिनी सेनानी चू ते यांनी नेहरूंकडे डॉक्टरांची मदत मागितली, काँग्रेसचे अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांनी देशाला आवाहन केलं आणि पाच डॉक्टरांचं पथक तयार झालं. प्रमुख डॉ. अटल, जे त्याआधी स्पेनच्या यादवी युद्धात काम करून आले होते. नागपूरचे डॉ. चोळकर. कलकत्त्याचे डॉ. बसू आणि डॉ. मुखर्जी. आणि अठ्ठावीस वर्षांचेही न झालेले कोटणीस. १ सप्टेंबर १९३८ला पथक मुंबईहून बोटीनं निघालं.

तेव्हा आपला देश स्वतः गुलाम होता. गुलाम देशानं दुसऱ्या संकटातल्या देशाला डॉक्टर पाठवले, ही गोष्ट मुलांना आधी पटेना. “अपने पास खुद कू नहीं था ना टीचर?” बरोबर आहे. आपल्याकडे नव्हतं, तरी पाठवले.

बाकीचे चौघे एकेक करून परत आले. कोटणीस राहिले. ते येनानला पोहोचले आणि पुढे उत्तर चीनमधल्या आघाडीवर गेले. १९४०च्या एका लांबलेल्या लढाईत त्यांनी सलग बहात्तर तास शस्त्रक्रिया केल्या, आठशेहून जास्त जखमींवर उपचार केले, असं त्यांच्याबद्दल सांगितलं जातं. कॅनडाचे डॉ. नॉर्मन बेथून १९३९ मध्ये तिथंच काम करता करता गेले होते. त्यांच्या नावाच्या रुग्णालयाचे कोटणीस १९४१ मध्ये प्रमुख झाले. तिथल्या गुओ चिंगलान या परिचारिकेशी त्यांनी लग्न केलं. ऑगस्ट १९४२ मध्ये मुलगा झाला. नाव ठेवलं यिनहुआ. चिनी भाषेत ‘यिन’ म्हणजे भारत आणि ‘हुआ’ म्हणजे चीन. मूल साडेतीन महिन्यांचं होतं तेव्हा, ९ डिसेंबर १९४२ला, अपस्माराच्या झटक्यांनी कोटणीस गेले. वय बत्तीस.

आता ही गोष्ट पडद्यावर कशी आली ते पाहा, कारण मला मुलांना मुख्य शिकवायचं होतं ते हेच.

अब्बास तेव्हा मुंबईत ‘बॉम्बे क्रॉनिकल’मध्ये पत्रकार होते. सिनेमाची परीक्षणं लिहीत, उर्दूत कथा लिहीत, इंग्रजीत सदर लिहीत. चीनहून परतलेल्या डॉ. बसूंकडून त्यांना कोटणीसांची हकीकत मिळाली आणि त्यांनी इंग्रजीत पुस्तक लिहिलं. ‘आणि एक जण परतला नाही’ अशा अर्थाचं त्याचं नाव आहे. नावातच हिशेब आहे, पाच गेले, चार आले. अब्बास सोलापूरचे नव्हते, डॉक्टर नव्हते, मराठी नव्हते. त्यांना ही गोष्ट आपली का वाटली? माझा अंदाज असा की, जो माणूस परक्याच्या जखमेवर टाका घालायला जातो तो त्यांना आपल्या जातीचा वाटला असावा. लेखकाची जात यापेक्षा वेगळी काय असते?

शांताराम यांनी १९४२ मध्ये पुण्याची ‘प्रभात’ सोडून मुंबईत परळला ‘राजकमल कलामंदिर’ सुरू केलं होतं. ते दिवस दुसऱ्या महायुद्धाचे. आपल्याकडे कच्ची फिल्म बनत नव्हती, सगळी परदेशातून बोटीनं यायची, आणि बोटी युद्धात गुंतलेल्या. सरकारनं चित्रपटाच्या लांबीवर मर्यादा घातली, अकरा हजार फूट, म्हणजे साधारण दोन तास. पुढे कच्च्या फिल्मचं रेशनिंग आलं. साखर आणि रॉकेलसारखीच फिल्मही परवान्यावर. आणि परवाना हवा असेल तर निर्मात्यानं युद्धकार्याला हातभार लावणारे चित्रपटही काढावेत, अशी सरकारची अपेक्षा होती. अपेक्षा हा शब्द सौम्य आहे. ज्याच्या हातात फिल्म त्याच्या हातात धंदा.

यात पेच होता. १९४२ म्हणजे ‘छोडो भारत’. नेते तुरुंगात. अशा वेळी इंग्रजांच्या युद्धाचा जयजयकार करणारा चित्रपट कोणता स्वाभिमानी निर्माता काढेल? आणि नाही काढला तर स्टुडिओ बंद ठेवायचा का? कोटणीसांची गोष्ट या पेचातून वाट काढते. शत्रू जपान, म्हणजे सरकारला हरकत नाही. नायक काँग्रेसनं पाठवलेला, सुभाषबाबूंच्या आवाहनाला ओ देणारा, गुलाम देशातला डॉक्टर, म्हणजे प्रेक्षकाच्या मनातलं स्वातंत्र्यही त्यात आलं. सरकारनं मागितला युद्धपट, मिळाला देशभक्तीचा चित्रपट, आणि तोही असा की ज्याचा नायक एकही गोळी झाडायला निघालेला नाही, गोळ्या काढायला निघालेला आहे.

मी फळ्यावर पहिला प्रश्न लिहिला: हा चित्रपट कोणाच्या परवानगीनं बनला, आणि परवानगी देणाऱ्याला काय हवं होतं? मुलं हुशार असतात. एका मुलीनं लगेच विचारलं, “आणि परवानगी घेणाऱ्याला काय हवं होतं?” तोही प्रश्न फळ्यावर गेला.

मग बनवण्याची गंमत. चीन मुंबईच्या स्टुडिओत उभा केला. कोटणीस स्वतः शांताराम झाले. त्यांचा जन्म १९०१चा, म्हणजे बत्तिशीत गेलेल्या तरुणाची भूमिका पंचेचाळिशीच्या जवळ पोहोचलेल्या माणसानं केली. चिंग लानची भूमिका त्यांच्या पत्नी जयश्री यांनी केली. बाबूराव पेंढारकर झाले चिनी जनरल. संगीत वसंत देसाईंचं, गाणी दिवाण शरर यांची. चित्रपट हिंदीबरोबर इंग्रजीतही काढला गेला, बाहेरच्या प्रेक्षकांसाठी. मी वर्गाला तुकड्यातुकड्यांनी दाखवला तेव्हा मुलं पहिले दोन दिवस नुसती हसली. चिनी माणसं फाडफाड हिंदुस्थानी बोलतात, डोळ्यांना रंगरंगोटी केलेली, चालणं-बोलणं मराठी नाटकातलं. तिसऱ्या दिवशी हसणं थांबलं. गोष्टीनं त्यांना धरलं.

भाषेचं त्यांना विशेष वाटलं. पडद्यावरचं सोलापूर हिंदुस्थानी बोलतं, आणि ती हिंदुस्थानी म्हणजे आमच्या वर्गातली, अर्धी उर्दू. “टीचर, ये तो अपनी जबान में है.” कोटणीसांच्या घरी अर्थातच मराठी बोलली जात असणार. पण त्या काळच्या मुंबईच्या सिनेमानं ठरवलं होतं की देशाशी बोलायचं ते या भाषेत. मराठी डॉक्टरची कथा मराठी दिग्दर्शकानं उर्दू लेखकाच्या मदतीनं देशाला सांगितली. यात कोणाला काही विचित्र वाटल्याचं दिसत नाही. याच अब्बास-साठे जोडीनं पुढे राज कपूरसाठी ‘आवारा’ आणि ‘श्री ४२०’ लिहिले. ते चित्रपट सगळ्यांना ठाऊक आहेत, लेखक फार थोड्यांना.

शांताराम यांच्यासाठीही हा रस्ता नवा नव्हता. पाच वर्षं आधी, १९४१ मध्ये, त्यांनी ‘शेजारी’ काढला होता. एक हिंदू, एक मुसलमान, दोघे जुने शेजारी आणि त्यांच्यात पडलेली फूट. हिंदीत त्याचं नाव ‘पडोसी’. त्यात मुसलमान मिर्झा झाले गजानन जागीरदार आणि हिंदू ठाकूर झाले मजहर खान. भूमिका मुद्दाम अशा वाटल्या होत्या. मी हे सांगितलं तेव्हा वर्गात जरा शांतता होती. मुलं विचार करत होती, की आज असं कोणी करील का?

इथपर्यंत सगळं छान. पण मला त्यांना शांताराम यांची भक्ती शिकवायची नव्हती. म्हणून दुसरा प्रश्न लिहिला: खऱ्या गोष्टीत काय बदललं, आणि का?

बदललं बरंच. चित्रपटात प्लेगची साथ येते, डॉक्टर तिच्याशी झुंजतात आणि त्यातच त्यांचा अंत जवळ येतो. जपानी सैनिक त्यांना पकडतात, ते निसटतात. खरे कोटणीस अपस्मारानं गेले. त्या आजाराला पडद्यावर शोभा नाही. साथीशी लढणारा डॉक्टर प्रेक्षकाला कळतो, झटके येऊन जाणारा कळत नाही. अतिश्रमानं, अपुऱ्या अन्नानं, थंडीत, एका दुर्गम ठिकाणी खंगत गेलेल्या माणसाचं मरण दाखवायला कॅमेरा अजून शिकला नव्हता. कदाचित अजूनही शिकलेला नाही.

शेवट तर आणखी बदलला. चित्रपटात चिंग लान बाळाला घेऊन भारतात, सासरी येते. प्रेक्षागृहात हुंदके फुटले असतील. खऱ्या गुओ चिंगलान चीनमध्येच राहिल्या. त्यांनी पुन्हा संसार केला, पुढे भारतात पाहुण्या म्हणून अनेकदा येऊन गेल्या आणि २०१२ मध्ये गेल्या. यिनहुआ, ज्याच्या नावात दोन देश होते, तो १९६७ मध्ये चोविसाव्या वर्षीच वारला. पडद्यावरचं ते बाळ मात्र कायमचं बाळच आहे.

वर्गातल्या मुली यावर भडकल्या. “ती का येईल सगळं सोडून? तिचं पण काम होतं ना.” मी त्यांना म्हटलं, हे लिहा. सून घरी आली म्हणजे गोष्ट पुरी झाली, असं १९४६च्या प्रेक्षकाला वाटत होतं. बाईनं आपल्या देशात, आपल्या कामावर राहणं हा शेवट वाटत नव्हता. चित्रपट युद्धाबद्दल असला तरी तो ज्या घरात बसून पाहिला जातो त्या घराच्या समजुती त्यात शिरतातच.

तिसरा प्रश्न होता शत्रूचा: शत्रू कोण, तो कधीपासून शत्रू आणि कधीपर्यंत?

कोटणीसांच्या चित्रपटात चिनी सैनिक आपला भाऊ आहे आणि जपानी सैनिक क्रूरकर्मा. जपानी सैन्यानं चीनमध्ये जे केलं ते खरंच भयंकर होतं, त्यात काही खोटं नाही. पण पुढे पाहा. १९६२ मध्ये चीनशी युद्ध झालं आणि १९६४ मध्ये चेतन आनंद यांनी ‘हकीकत’ काढला. लडाखचा बर्फ, भारतीय जवान आणि समोर शत्रू चिनी. कैफी आझमींची गाणी. हेच चेतन आनंद १९४६ मध्ये ‘नीचा नगर’ काढत होते, आणि त्याच्या लेखनात अब्बास होते. म्हणजे माणसं एकाच वर्तुळातली, मधे फक्त अठरा वर्षं. भाऊ शत्रू झाला. आणि जपान? अजिंठा-वेरूळच्या पर्यटन विकासाला जपानचं कर्ज मिळालं. अजिंठ्याला जाणारे जपानी पर्यटक आमच्या स्टेशन रोडवर दिसतात, गळ्यात कॅमेरा, डोक्यावर टोपी. त्यांच्याकडे बघून कोणालाही १९४६चा पडदा आठवत नाही. आठवू नयेच. तो पर्यटक त्या सैनिकाचा जबाब द्यायला बांधलेला नाही.

हे मी बोलले आणि मागच्या बाकाकडे पाहिलं. त्या मुलाला माझं म्हणणं कळलं होतं. मोठ्यानं सांगायची गरज पडली नाही.

तरी सांगते, कारण इथं वाचणारे सगळेच माझ्या वर्गात नाहीत. औरंगजेबाचा जबाब उस्मानपुऱ्यातल्या नववीच्या मुलानं द्यायचा, ही अपेक्षाच मुळात चुकीची आहे. आणि त्या अपेक्षेला घाबरून आपण जे करतो तेही मला खटकतं. युद्धाचा विषय निघाला की आपण घाईघाईनं नावं काढतो. पानिपतावर मराठ्यांच्या बाजूनं तोफा चालवणारा इब्राहिमखान गारदी. १९६५च्या युद्धातले परमवीर अब्दुल हमीद. ‘परमवीर चक्र’ या मालिकेत नसीरुद्दीन शाह यांनी त्यांची भूमिका केली होती, तेव्हा अख्खा मोहल्ला एका टीव्हीपुढे बसला होता. ही माणसं मोठीच आहेत. पण आपण त्यांना दाखल्यासारखं वापरतो, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचा दाखला, तसा निष्ठेचा दाखला. अब्दुल हमीद कोणाला दाखला द्यायला रणगाड्यांसमोर गेले नव्हते. कोटणीसांकडे कोणी दाखला मागितला नाही, म्हणून त्यांची गोष्ट मोकळेपणानं सांगता आली.

‘छावा’च्या बाबतीतही हे तीन प्रश्न विचारता येतात, आणि शांतपणे विचारता येतात. तो शिवाजी सावंतांच्या कादंबरीवर आधारलेला आहे. म्हणजे इतिहास आधी कादंबरी झाला, मग चित्रपट झाला. दोन गाळण्या झाल्या. प्रदर्शनाआधी झलक आली तेव्हा महाराज लेझीम खेळताना दाखवले म्हणून हरकत घेतली गेली, आणि दिग्दर्शक लक्ष्मण उतेकरांनी ते दृश्य काढून टाकलं. प्रदर्शनानंतर शिर्के घराण्याच्या वंशजांनी आपल्या पूर्वजांच्या चित्रणावर हरकत घेतली, तेव्हा दिग्दर्शकांनी दिलगिरी व्यक्त केली. या दोन्ही गोष्टींवरून माझ्या मुलांना एक कळलं. चित्रपट दगडावर कोरलेला नसतो. माणसं तो बनवतात, माणसं हरकत घेतात, माणसं तो बदलतात. ज्यांचा आवाज पोहोचतो त्यांच्यासाठी बदलतात. आणि जो आवाज पोहोचवायचा तो दगडानं पोहोचत नाही, हेही मी मुद्दाम सांगितलं.

शिवाय इतिहासात असंही आहे की औरंगजेबाचा बंडखोर मुलगा अकबर बापापासून पळून आला तो संभाजी महाराजांच्या आश्रयाला, १६८१ मध्ये. महाराजांनी त्याला थारा दिला. बाजू धर्मावरून ठरत असती तर हे घडलंच नसतं. एवढी एक गोष्ट नीट कळली तरी “अपन कौन हैं” या प्रश्नाचा डंख बराच कमी होतो.

एक प्रश्न मात्र फळ्यावर लिहायचा राहिला होता, तो एका मुलानंच लिहिला: कोणाची गोष्ट अजून सांगायची आहे?

मी त्यांना कोटणीसांच्याच सोलापूरचं नाव सांगितलं, अब्दुल रसूल कुर्बान हुसेन. सोलापुरात १९३० मध्ये मार्शल लॉ लागला आणि १२ जानेवारी १९३१ला येरवड्यात चौघांना फाशी झाली. मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन. कोटणीस तेव्हा विशीत होते, गाव एकच. माझ्या वर्गात तीस मुलं. कोणालाही हे नाव माहीत नव्हतं.

आणि आमचं स्वतःचं युद्ध? आमच्या शहरात फौजा आल्या त्या सप्टेंबर १९४८ मध्ये. दरवर्षी १७ सप्टेंबरला आम्ही झेंडावंदन करतो. सरकारी भाषेत मुक्तिसंग्राम, घरातल्या म्हाताऱ्यांच्या तोंडी ‘पोलीस ॲक्शन’. रझाकारांचे अत्याचार झाले, आणि नंतर निरपराध मुसलमानांवरही झाले. दोन्ही खरं आहे. हैदराबादमध्ये ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचे तरुण संपादक शोएबुल्ला खान भारतात विलीन होण्याच्या बाजूनं लिहीत होते, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये रझाकारांनी त्यांना मारलं. उर्दूत लिहिणारा मुसलमान, मुसलमान म्हणवणाऱ्यांच्या हातून, भारतासाठी. ही गोष्ट नुसत्या ‘आपले’ आणि ‘त्यांचे’ अशा दोन खणांत बसत नाही. म्हणूनच ती सांगायला एक ख्वाजा आणि एक साठे लागतील, एकाच टेबलावर, एकमेकांची वाक्यं खोडत.

तोवर आम्ही वहीत काम चालवलं. मुलांना गृहपाठ दिला, की घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला १९४८ विचारा आणि त्याचं एक पान लिहा, मराठीत किंवा उर्दूत, जशी गोष्ट येईल तसं. निम्म्या मुलांनी काहीच आणलं नाही, घरचे बोलले नाहीत. काहींनी इंटरनेटवरून उतरवून आणलं, ते मला दोन ओळींत कळलं. एका मुलीनं पणजीचं आणलं. पणजी तेव्हा लहान होती, जालन्याकडच्या खेड्यात. फौजा आल्यावर गावात गडबड झाली, तेव्हा तिचं घरदार शेजारच्या पाटलीणबाईंनी ज्वारीच्या कणगीमागे तीन दिवस ठेवलं. भाकरी सुपातून, वर कपडा टाकून यायची. त्याआधीच्या महिन्यांत त्याच पाटलीणबाईंनी रझाकारांच्या भीतीनं आपले दागिने पणजीच्या आईकडे आणून ठेवले होते. एवढंच, एक पान.

मी तिला विचारलं, याचा पिच्चर काढायचा झाला तर तू काय बदलशील?

“काहीच नाही,” ती म्हणाली. मग थोडा विचार करून म्हणाली, “एक करना पडता टीचर. पाटलीणबाईंचं नाव घालावं लागेल. पणजीला आठवत नाही.”